खाल्ल्या मिठाचा धर्म आणि दुसऱ्याचे स्वातंत्र्य

ठाण्यात कापूरबावडीवरून खाडीच्या दिशेने गेले की कोलशेत लागते. आता तिथे मोठमोठी गृहसंकुले उभी आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र इथे रॉयल इंडियन नेव्हीचा एक तळ होता, ‘एचएमआयएस अकबर’. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन शाळेतल्या नाविकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ असह्य होऊन काम बंद केले. बघता बघता ७८ जहाजे, २० तळ आणि सुमारे २० हजार नाविक त्या उठावात उतरले. कोलशेतचा ‘अकबर’ही त्यात होता.

एम. एस. खान आणि मदनसिंग यांच्या नेतृत्वाखालच्या मध्यवर्ती संप समितीने मागण्यांची यादी केली. खायला धड अन्न द्या. गोऱ्या नाविकांइतका पगार द्या. शिवीगाळ करणाऱ्या कमांडर किंगवर कारवाई करा. आझाद हिंद सेनेच्या शिपायांना आणि राजबंद्यांना सोडा. आणि याच यादीत आणखी एक कलम होते: इंडोनेशिया आणि इजिप्तमधून हिंदी फौजा परत बोलवा.

हे कलम वाचताना थांबावे असे आहे. ही विशी-बाविशीतली पोरे होती. डाळीत खडे येतात म्हणून त्यांची ताटे परत जात होती. स्वतःचा देश अजून पारतंत्र्यात होता, समोर तोफा रोखल्या जाणार होत्या, नोकरी जाणार हे उघड होते. अशा वेळी समुद्रापलीकडच्या जावा बेटावरची माणसे त्यांना का आठवावीत? ना रक्ताचे नाते, ना भाषेचे, आणि धर्म म्हणावा तर संप समितीतच हिंदू, मुसलमान, शीख एकत्र बसलेले.

उत्तरासाठी साडेतीन महिने मागे, सुराबायाला जावे लागते.

जपान शरण गेल्यावर १७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हत्ता यांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य जाहीर केले. डचांना आपली जुनी वसाहत परत हवी होती, पण त्यांच्याकडे लगेच पाठवायला फौज नव्हती. ती ब्रिटिशांनी पुरवली, आणि ब्रिटिशांची फौज म्हणजे बहुतांशी हिंदी शिपाई. जपानी सैन्याला निःशस्त्र करणे आणि छावण्यांत अडकलेल्या युरोपीय कैद्यांना सोडवणे हे त्यांचे अधिकृत काम. ते काम खरेही होते. पण इंडोनेशियन माणसाला दिसत होते ते एवढेच, की ही फौज डचांसाठी दार उघडून धरायला आली आहे. ऑक्टोबरच्या शेवटी सुराबायात उतरलेल्या ४९व्या हिंदी ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीचे जवान होते. कोकणातली, साताऱ्या-कोल्हापूरकडची शेतकऱ्यांची मुले.

३० ऑक्टोबरची संध्याकाळ. शहराच्या मध्यभागी ‘इंटरनॅशिओ’ नावाच्या इमारतीत मराठा पलटणीची एक तुकडी अडकून पडलेली. बाहेर हत्यारबंद तरुणांचा जमाव. आदल्याच दिवशी सुकार्नो विमानाने येऊन युद्धबंदी करून गेलेले. ब्रिगेडियर मॅलबी दोन्ही बाजूंना शांत करायला मोटारीतून तिथे आले. गोळी आधी कोणाकडून सुटली यावर आजही वाद आहे, पण ती सुटली आणि मॅलबी मोटारीतच मारले गेले. १० नोव्हेंबरपासून ब्रिटिशांनी जमिनीवरून, समुद्रातून आणि आकाशातून सुराबायावर हल्ला चढवला. शहर पडायला जवळपास तीन आठवडे लागले आणि हजारो माणसे मेली. १० नोव्हेंबर हा दिवस इंडोनेशियात आजही वीरदिन म्हणून पाळला जातो. त्या लढाईत समोरच्या बाजूने, परक्याच्या हुकमावरून, मराठी मुलखातली पोरेही लढली आणि मेली. महाराष्ट्रात हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पराक्रमाच्या याद्या करताना ही लढाई कोणत्या रकान्यात घालायची हे कोणालाच सुचले नसावे.

आता नाविकांचे ते कलम पुन्हा वाचावे. फौजा जहाजांतून जात होत्या, आणि जहाजे चालवणारे हात याच नाविकांसारख्यांचे होते. इंडोनेशियाबद्दल त्यांना कळवळा वाटला असेलच. पण त्यांची मागणी कळवळ्याच्या पुढची आहे. परक्या माणसाच्या गळ्यावर जो हात आहे तो आमचा आहे आणि तो काढून घ्या, असे ती सांगते.

इथे धर्माचा प्रश्न उभा राहतो, आणि तो सोपा नाही. मराठी मनावर दोन शिकवणींचा फार खोल ठसा आहे. पहिली स्वधर्माची: आपले कर्तव्य आपल्या वाट्याला आलेल्या कामापुरते, परधर्मात शिरू नये. दुसरी खाल्ल्या मिठाला जागण्याची. या दोन्ही शिकवणी त्या नाविकांच्या विरोधात जातात. सरकारचे मीठ खाता तर सरकारचा हुकूम पाळा, आणि जावा बेटाचे काय ते जावा बेट बघून घेईल.

पण मिठाचा हा धर्म महाभारतानेच उकरून पाहिला आहे, आणि निकाल मिठाच्या बाजूने दिलेला नाही. भीष्म आणि द्रोण यांना कौरवांचा पक्ष अन्यायाचा आहे हे पक्के माहीत होते. तरी ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्या बाजूने ते उभे राहिले आणि तो बंध त्यांना शेवटपर्यंत सुटला नाही. बलराम दोन्हीकडून अंग काढून तीर्थयात्रेला गेला. विकर्णाची गोष्ट अधिक जिव्हारी लागते. द्यूतसभेत सगळे वडीलधारे खाली माना घालून बसले असताना धृतराष्ट्राचा हा मुलगा एकटा उठून बोलला, की द्रौपदीवर चाललेला हा अन्याय आहे. रणात मात्र तो दुर्योधनाच्याच बाजूने लढला. त्याला मारल्यावर भीमालाही हळहळ वाटली. आणि मग युयुत्सू. तोही धृतराष्ट्राचाच मुलगा, दासीपुत्र म्हणून कायम उंबऱ्याबाहेर राहिलेला. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिराने दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभे राहून विचारले, कोणाला इकडे यायचे आहे? तेव्हा कौरवांच्या रांगेतून हा एकटा निघाला. पुढे पांडव महाप्रस्थानाला निघाले तेव्हा हस्तिनापूर सांभाळायचे काम त्याच्याकडे सोपवले गेले.

कीर्तनांत कर्ण येतो, भीष्म तर येतोच. युयुत्सू क्वचित येतो. आपल्या परंपरेतला हा एक अन्याय आहे, कारण आजच्या माणसाला पडणारा प्रश्न बहुतेक वेळा युयुत्सूचाच असतो. अन्याय करणारा पक्ष आपलाच आहे, आपण त्याच्या रांगेत आधीच उभे आहोत, आणि कोणीतरी विचारत आहे की कोणाला निघायचे आहे का.

स्वधर्माच्या शिकवणीलाही याच अंगाने भिडता येते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. स्वधर्म शोधायला लागत नाही, तो जन्मासोबत येतो, असा विचार त्यांत आहे. पुढे भूदानाच्या पायपिटीत याच विनोबांनी ‘जय जगत्’ ही घोषणा दिली. या दोहोंत विरोध वाटण्याचे कारण नाही. माझ्या नावाने, माझ्या कराच्या पैशातून, माझ्या गावच्या पोराला वर्दी चढवून कोणाचा देश दाबला जात असेल, तर त्याला विरोध करणे हा परधर्म कसा? ते माझ्याच अंगणातले काम आहे. सुराबाया दूर आहे, पण सुराबायात झाडलेली गोळी सातारा जिल्ह्यातली असेल तर ती दूर नाही.

हेच सूत्र उलट्या बाजूनेही तपासता येते, आणि त्यासाठी ठाण्याबाहेर जावे लागत नाही. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतला होता. १७३७ साली मराठ्यांनी तो त्यांच्याकडून जिंकला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथे फाशी दिले गेले. त्यांची नावे ठाणेकरांना पाठ आहेत. त्याच सुमारास लंडनमध्ये गाय आल्ड्रेड हा बावीस-तेवीस वर्षांचा इंग्रज तरुण तुरुंगात होता. श्यामजी कृष्णवर्म्यांचे, भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणारे ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ छापणाऱ्या मुद्रकाला राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा ते पत्र आता मी छापतो म्हणून हा पुढे आला, आणि सप्टेंबर १९०९मध्ये त्याला बारा महिन्यांची सजा झाली. त्याचे नाव महाराष्ट्रात कोणाला पाठ असण्याची शक्यता नाही. पण युयुत्सूच्या जातकुळीचा माणूस म्हणतात तो हाच. राज्य त्याचे, झेंडा त्याचा, आणि त्यातून आपला हात त्याने काढून घेतला.

गोव्याच्या बाबतीतही असा एक हात मागे घेतला गेला. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली या पोर्तुगीज मुलखाची सीमा तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याला, डहाणू-जव्हारच्या अंगाला लागून होती. २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक, कम्युनिस्टांनी जागवलेले वारली आणि युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स यांनी आपापल्या वाटेने हे काम केले. सुधीर फडक्यांसारखा गायक त्या मोहिमेत होता, आणि तिच्या खर्चासाठी लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यात पनवेलचे हिरवे गुरुजी पडले, पंजाबचे कर्नेलसिंग पडले. हा सगळा भाग महाराष्ट्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

कमी ठाऊक आहे ते शेवटच्या पोर्तुगीज गव्हर्नर जनरलचे वागणे. डिसेंबर १९६१मध्ये सालाझारने लिस्बनहून व्हासालो इ सिल्वा यांना कळवले, की शरणागती नको, शेवटच्या माणसापर्यंत लढा. तो हुकूम पाळला असता तर गोव्यातली माणसे आणि पोर्तुगालची पोरे दोन्ही हकनाक मेली असती. त्यांनी तो पाळला नाही आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. पोर्तुगालने त्यांना सैन्यातून बडतर्फ केले आणि १९७४च्या क्रांतीनंतरच त्यांचे पद परत मिळाले. गोवामुक्तीच्या समारंभांत या माणसाचे नाव आदराने घेतले गेले तर मुक्तिवीरांच्या मानाला काही उणेपणा येणार नाही.

ती १९७४ची क्रांतीही पोर्तुगीज सैनिकांनीच केली. अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाऊमध्ये वर्षानुवर्षे लढून त्यांना कळले होते, की आपण दुसऱ्याचे घर दाबून बसलो आहोत. पलीकडच्या बाजूला, मोझांबिकच्या मुक्तिलढ्यात, आकीनो द ब्रागांझा हा गोव्याचा माणूस होता. पुढे तो राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचा सल्लागार झाला आणि १९८६ साली त्यांच्याच विमानाच्या अपघातात गेला. गोवा सुटल्यावर तो थांबला नाही. ज्या साम्राज्याने गोवा दाबला तेच साम्राज्य आफ्रिकेत अजून उभे आहे, हे त्याने डोळ्यांआड केले नाही.

इथवर मांडणी सरळ आहे. पण या प्रश्नाचा सगळ्यात अवघड भाग पुढे येतो. ज्याला आज साथ द्यायची, तोच उद्या दुसऱ्याला दाबू लागला तर?

ही कल्पनेतली शंका नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. जपानच्या लष्करी ताब्याविरुद्ध लढणाऱ्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. आठ वर्षांनी, ऑक्टोबर १९५०मध्ये, त्याच चीनची फौज तिबेटमध्ये शिरली. इंडोनेशियाची कथाही तीच. ज्यांच्यासाठी मुंबईच्या बंदरातल्या नाविकांनी आवाज उठवला, त्या देशाच्या सैन्याने ७ डिसेंबर १९७५ रोजी पूर्व तिमोरवर हल्ला केला. पूर्व तिमोर हीदेखील गोव्यासारखीच पोर्तुगीजांची जुनी वसाहत, स्वातंत्र्य जाहीर करून जेमतेम नऊ दिवस झालेली. त्या आक्रमणाविरुद्धचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला तेव्हा त्याच्या विरोधात मत देणाऱ्या मोजक्या देशांत भारत होता. स्वतः सुटलेला माणूस दुसऱ्याचे बंधन ओळखतोच, असा भरवसा इतिहास देत नाही.

मग कोटणीसांचे प्राण वाया गेले का? नाहीत, आणि याचे कारण केवळ निष्काम कर्माची ढाल पुढे करून सांगू नये. फळाची आशा न धरणे वेगळे आणि फळाकडे पाठ फिरवणे वेगळे. कोटणीसांनी साथ दिली ती चिरडल्या जाणाऱ्या माणसांना. चीन नावाच्या राज्याला त्यांनी कायमचा परवाना लिहून दिला नव्हता. साथ माणसांना द्यायची असते, आणि म्हणून प्रसंग बदलला की साथीची बाजूही बदलावी लागते. १९४२ साली चिनी जखमीच्या उशाशी बसणे आणि आज तिबेटी माणसाच्या बाजूने बोलणे ही एकाच धर्माची दोन कामे आहेत. जो कोटणीसांचे नाव घेऊन तिबेटबद्दल गप्प बसतो त्याला कोटणीस कळलेले नाहीत, आणि जो तिबेटसाठी कोटणीसांना भाबडे ठरवतो त्यालाही नाहीत.

पूर्व तिमोरच्या कथेत एक फार मोलाचा तपशील आहे. ७ डिसेंबर १९९५ रोजी, आक्रमणाला वीस वर्षे झाली त्या दिवशी, जाकार्तातल्या डच आणि रशियन वकिलातींत तिमोरी तरुणांबरोबर इंडोनेशियन तरुणही घुसले. सुहार्तोंच्या लष्करशाहीत त्यांनी मागितले, की आमच्या देशाचे सैन्य तिमोरमधून परत बोलवा. १९४६च्या नाविकांची मागणी अशी त्या देशाच्याच मुलांच्या तोंडी आली. त्यांतल्या कोणी मुंबईच्या त्या उठावाबद्दल वाचले असेल असे मानण्याचे कारण नाही. १९९९ साली जनमत झाले, आणि २००२मध्ये पूर्व तिमोर स्वतंत्र झाला.

आता आजच्या ठाणे-कल्याण पट्ट्याकडे यावे. लोकलच्या एकाच मार्गावर कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, आणि पुढे उल्हासनगर. इथल्या वस्त्याच उखडलेल्या माणसांनी घडलेल्या आहेत. कल्याणजवळची युद्धकाळातली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे घर झाली, तेच उल्हासनगर. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात आली. ठाण्यात १८७९ सालचे सिनेगॉग आहे आणि मराठी बोलणारा बेने इस्रायल समाज त्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहतो. प्रत्येकाच्या घरात एक जुनी जखम आहे, आणि साहजिकच प्रत्येकाला जगातली तीच जखम आधी दिसते जी आपल्यासारखी आहे. मुंब्र्यात पॅलेस्टाइनसाठी जीव तुटतो. डोंबिवलीत तिबेटबद्दल आणि बांगलादेशातल्या हिंदूंबद्दल.

यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या माणसाचे दुखणे आधी जाणवणे हा माणसाचा स्वभाव आहे. पण स्वभाव आणि धर्म यांत फरक आहे, आणि धर्माची कसोटी आपल्या माणसापाशी लागत नाही. मुंब्र्यातल्या माणसाला १९७१ साली पाकिस्तानी सैन्याने पूर्व बंगालात, म्हणजे मुसलमान सैन्याने बहुसंख्य मुसलमान मुलखात, केलेला संहार तितकाच बोचतो का? डोंबिवलीतल्या माणसाला १९६७पासून लष्करी ताब्यात राहणाऱ्या, पॅलेस्टाइनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याचे शेत दिसते का? ज्याचे उत्तर हो आहे, त्याचाच तिबेटबद्दलचा किंवा पॅलेस्टाइनबद्दलचा शब्द परक्यालाही खरा वाटेल. बाकीच्यांचा शब्द आपल्या गोटापुरता खरा.

त्यापुढची पायरी नाविकांची. घोषणा देणे सोपे असते, कारण घोषणा दुसऱ्या देशाच्या सरकारला उद्देशून असते आणि ते ऐकत नसते. आपले सरकार मात्र ऐकू शकते. २९ एप्रिल १९५४ रोजी दिल्लीने चीनशी केलेल्या करारात ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असे शब्द मान्य केले. नगर हवेली मोकळी होण्याच्या तीनच महिने आधी. युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावावर मार्च २०२२मध्ये भारत तटस्थ राहिला, आणि त्यानंतर रशियाचे स्वस्त तेल मोठ्या प्रमाणावर आपल्या शुद्धीकरण कारखान्यांत आले. गाझातल्या युद्धविरामाच्या ठरावावर ऑक्टोबर २०२३मध्ये भारत तटस्थ राहिला, डिसेंबरमध्ये त्याने बाजूने मत दिले. यातला प्रत्येक निर्णय देशहिताच्या नावाने समर्थनीय ठरवता येईल. त्यावर वाद व्हावा. पण हे निर्णय आपल्या नावाने झाले, त्या तेलावर आपल्या गाड्या चालल्या, एवढे तरी मान्य करूनच तो वाद व्हावा. बलरामाने निदान तीर्थयात्रा केली, दोन्हीकडचा माल घेतला नाही.

ठाण्यात, मुंब्र्यात किंवा डोंबिवलीत परक्या देशातल्या पीडितांसाठी पुढची सभा भरेल, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत निवेदन दिले जाईल, तेव्हा त्यात निषेधाची कलमे कितीही असोत. एक कलम दिल्लीसाठी जरूर लिहावे: आमच्या सरकारने या बाबतीत काय विकणे थांबवावे, काय विकत घेणे थांबवावे, आणि पुढच्या ठरावावर मत कसे द्यावे. आणि त्या निवेदनावर आपल्या धर्माबाहेरच्या शेजाऱ्याची सही मागायला जावे.